लावलेलं विझवायचं नसतं

दि. ४ डिसेंबर

चि. चिमणे,

तुला काका-काकूचे आशीर्वाद. आम्ही दोघं ठीक आहोत. काकूचा गुडघा अधूनमधून कुरकुरतो, पण गुडघा आणि काकू दोघंही पहिल्यापासून कुरकुरेच, तेव्हा त्यात नवीन काही नाही. तुझ्या बाबांची तब्येत तू दर रविवारी फोनवर सांगतेस खरी, पण दादा तेव्हा तुझ्या शेजारीच बसलेला असतो. त्यामुळे तुझ्या 'छान आहेत बाबा'मधलं किती धरायचं आणि किती सोडायचं, ते मला कळत नाही. ऑक्सिजनचं यंत्र आता दिवसाही लागतं का, एवढं तरी खरं कळव.

पत्र ऑफिसच्या पत्त्यावर बघून दचकू नकोस. घरी पाठवलं असतं तर दादाने फोडलं असतं. मेसेज केला तर तो तुझ्याकडून मोठ्याने वाचून घेतो. राहता राहिला ईमेल. पण संगणकावर काही लिहायला बसलं की हल्ली मला टॅक्सीत बसल्यासारखं वाटतं, मीटर पडत राहतो. पोस्टाचं तिकीट बरं. एकदा चिकटवलं की पुढच्या महिन्यात पुन्हा पैसे मागत नाही.

तर विचारायचं हे आहे. आपल्या दुकानाची साइट त्या मोठ्या क्लाउड कंपनीकडे आहे. आपल्यासारख्या लहान धंद्याला ती परवडते का? तुझ्या ऑफिसात तुझ्याहून वरचं कोणी जाणतं माणूस असेल तर त्यालाही हे पत्र दाखव. म्हणूनच तुला ठाऊक असलेलंही सगळं पहिल्यापासून लिहितो.

आपला धंदा दिव्यांच्या काचांचा. एक शेड, एक भट्टी, दादा, मी आणि हाताखाली लंबू. लोकांकडे जुने दिवे असतात, त्यांची काच फुटते, तशी काच बाजारात मिळत नाही. फोटो आणि माप पाठवलं की आम्ही तशीच फुंकून देतो. साइटवर दिवसाला पंधरा-वीस माणसं यायची. ती साइट पूर्वी सर्व्हरवाल्याकडे होती. टायरच्या दुकानामागे त्याची एक खोली, खोलीत दोन मशिनं, आणि मशिनांवर एक टेबलफॅन. वर्षाचं भाडं इतकं थोडं की तो मागायला विसरायचा आणि आम्ही द्यायला.

मग एक गिऱ्हाईक बाई आल्या. त्यांच्या आजीच्या दिव्याची काच दादाने फुंकली, मी तिचा काठ वळवला, आणि ते चाललेलं असताना बाईंनी दोन मिनिटांचा व्हिडिओ काढला. तो कुठेतरी टाकला आणि जग लोटलं. साइटने मान टाकली. सर्व्हरवाला दोन्ही मशिनांना फॅन लावून हात जोडून बसला. तू रजा काढलीस आणि सगळं उचलून मोठ्या कंपनीकडे नेलंस. मोठमोठी मशिनं भाड्याने घेतलीस, सुरुवातीचे काही महिने कंपनी फुकट देते तेही मिळवलंस. मग कितीही माणसं आली तरी साइट ढिम्म हलली नाही. ते दिवस मी विसरणार नाही. दादा खोकत खोकत फुंकत होता आणि हसत होता. त्या दिवसांपुरतं विचारशील तर ती कंपनी शंभर टक्के परवडली, हे मी कोणालाही सांगेन.

गर्दी ओसरल्यावर तू लिहिलंस, "काका, आता मोठी मशिनं बंद करा, एक लहान ठेवा, हे इथलं बटण." मी ते दादाला दाखवलं. दादा म्हणाला, "लावलेलं विझवायचं नसतं. परत लावायला दुप्पट पडतं."

तुझ्या ऑफिसातल्या माणसाला याचा अर्थ लागायचा नाही, म्हणून सांगतो. काचेची भट्टी एकदा पेटवली की वर्षानुवर्षं चालू ठेवतात. आत मातीची मोठी मूस असते, मुशीत वितळलेली काच असते. आच गेली तर काच गोठते, मूस तडकते, सगळं नव्याने बांधावं लागतं. म्हणून आपल्या घरात भट्टी विझवायची ती फक्त विटा बदलायच्या वेळी, आणि तीही घरातल्या थोरल्याने. दुसऱ्या कोणी आच बंद करायच्या चावीला हात लावायचा नाही. आमच्या वडिलांच्या वेळी ते लावायचे, नंतर दादा. या नियमात आम्ही म्हातारे झालो. तेव्हा मशिनं बंद करायची म्हणजे आम्हाला भट्टीच विझवल्यासारखं वाटलं. दादाने नको म्हणून मान हलवली, मीही हलवली, आणि बटणाला कोणी हात लावला नाही. मग दादा तुझ्याकडे राहायला गेला. तुला वाटलं आम्ही बंद केलं. आम्हाला वाटलं सगळं पेटतं आहे, म्हणजे बरं आहे.

फुकटचे महिने संपले आणि बिलं सुरू झाली. त्यातली एकेक ओळ म्हणजे कोडं. तासाचं भाडं एक, फोटो ठेवण्याचं एक, आणि आपलाच माल आपण बाहेर काढला तर त्याचं आणखी एक. तू सगळ्या फोटोंच्या प्रती तीन ठिकाणी ठेवल्यास, चुकून एक गेली तर असू दे म्हणून. तुझ्या काळजीचंही भाडं लागतं, हे मला ठाऊक नव्हतं. काकू बिल बघून म्हणाली, "माणसं गावाला गेली आणि सगळ्या खोल्यांत दिवे लावून ठेवलेत, दुसरं काय." मी तिला म्हटलं, तुला यातलं काही कळत नाही. पण तिला कळलं होतं. मीच ते 'एवढं पडतच असेल' म्हणून भरत राहिलो. तुला विचारायची लाज वाटली.

गेल्या आठवड्यात सर्व्हरवाल्याकडे गेलो. म्हटलं, बाबा रे, आम्हाला परत घे. तर खोलीत मशिनं नाहीत. त्याने ती भंगारात दिली. आता तोच लोकांच्या साइट मोठ्या कंपनीकडे नेऊन देतो आणि त्यावर दोन पैसे मिळवतो. चहा मागवला त्याने. म्हणाला, "काका, मोठी कंपनी वाईट नाही हो. तुम्ही जेवढं मागितलं तेवढं त्यांनी दिलं. तुम्हाला एका दिवसापुरता ट्रक लागला होता. तो तुम्ही वर्षभर दारात चालू ठेवलात." मग म्हणाला, "मला विचारायला का नाही आलात?" मी म्हटलं, "तुला सोडून गेलो होतो ना, तोंड कुठलं दाखवणार?" चहाचे पैसे मात्र त्याने मला देऊ दिले नाहीत.

तर तुझं मत कळव. लहान मशीन ठेवावं, की खातंच बंद करावं? मी खातं बंद करण्याच्या बाजूचा आहे. पण एक अडचण आहे. साइटच्या पहिल्या पानावर त्या बाईंचा व्हिडिओ आहे. बाईंनी त्यांच्याकडचा काढून टाकलाय, मी फोन करून विचारलं. खातं बंद केलं तर आपल्याकडचाही जाईल का? तो उतरवून माझ्या फोनमध्ये ठेवता येईल का? कशासाठी ते विचारू नकोस. हवा आहे.

बाकी, लंबूने काम सोडलं. हल्ली तो पार्सलची गाडी चालवतो. पगार बरा आहे म्हणतो. मांजर शेजारच्या बेकरीत राहायला गेलं. मी कारखान्यातच बसून हे लिहितोय. अंगात स्वेटर आहे, तरी बोटं आखडतात, म्हणून अक्षर असं आलंय. यंदा थंडी जरा जास्तच आहे.

दादाला यातलं काही सांगू नकोस. ऑर्डरी येतात म्हणून सांग. येतातच.

तुझा,
काका


दि. १९ डिसेंबर

चिमणे,

तुझं पत्र मिळालं. इतक्या लगेच येईल असं वाटलं नव्हतं. तू लिहिलंयस की बाकी सगळं नंतर, आधी सांगा की भट्टीसमोर बसून तुम्हाला स्वेटर का लागतो. तू लहानपणी त्या शेडमध्ये परीक्षेचा अभ्यास करायचीस, भर थंडीत घामाने वही भिजायची. तुझ्यापुढे मी थंडीची सबब सांगितली म्हणजे कमालच झाली. गोष्ट लपवायची तर नीट लपवावी, एवढीही अक्कल मला नाही.

भट्टी गेली चिमणे. सप्टेंबरच्या शेवटी गेली.

कशी गेली ते लिहितो. गॅसचे पैसे आपण आगाऊ भरतो, ते ज्या खात्यातून जातात त्याच खात्यातून त्या कंपनीचे आपोआप कापले जातात. मी तसं का ठेवलं विचारू नकोस, आपल्याकडे एकच खातं आहे. त्यांचे सकाळी कापले गेले आणि गॅसचा चेक परत आला. आधीच्या महिन्यातही तसंच झालं होतं, तेव्हा काकूच्या बांगड्या उपयोगी पडल्या. या वेळी काही नव्हतं. गॅसच्या ऑफिसात गेलो. तिथला माणूस सज्जन होता, त्याने मला खुर्ची दिली. म्हणाला, "मी काय करू काका, इथे माझ्या हातात काहीच नाही. आठवडाभराची मुदत लिहून देतो." त्याने ती दिली. त्याचा दोष नाही.

आठवडा हातात असताना शहाण्या माणसाने काय केलं असतं? आच हळूहळू उतरवली असती, मुशीतली काच पळीने उपसून काढली असती. मूस वाचली असती. पुढे कधी पैसे आले तर पुन्हा पेटवता आली असती. लंबू रोज म्हणायचा, "मालक, उपसून घेऊ." मी रोज म्हणायचो, "थांब." एका हॉटेलची मोठी ऑर्डर यायची होती, तिचा आगाऊ हप्ता येईल अशी मला आशा होती. पण ते अर्धंच खरं. खरं म्हणजे त्या चावीला हात लावायची माझी छाती झाली नाही. ती दादाची चावी. दादा जिवंत असताना धाकट्याने भट्टी विझवायची, हे मनात आणायलाही मी धजत नव्हतो. दादाला फोन करून विचारावं तर तो उठून आला असता, यंत्र लावून, तुझं न ऐकता. म्हणून मी काहीच केलं नाही. हात बांधून बसलो आणि गॅस त्यांनी बाहेरून तोडला.

आवाज एकदम नाही गेला. आधी बारीक झाला, मग खाली बसला, मग भिंतीवरचं घड्याळ ऐकू आलं. ते घड्याळ टिकटिकतं हे मला आयुष्यात पहिल्यांदा कळलं. लंबू बाहेर जाऊन उभा राहिला. काकू पदर तोंडाला लावून दारात बसली. मी आत बसलो होतो. मग मूस तडकायला लागली. दोन दिवस तडकत होती. मध्येच एक टक्‌ असा आवाज यायचा, मग बराच वेळ काही नाही, वाटायचं संपलं, मग पुन्हा. मी रडलो चिमणे. म्हातारा माणूस रडला असं लिहायला बरं वाटत नाही, पण रडलो.

आता तू म्हणशील की मग दर रविवारी काय चाललंय?

दादा तिकडे आल्यापासून त्याचा रविवारचा शिरस्ता तुला ठाऊक आहे. आधी तब्येत, मग ऑर्डरी, मग, "जरा भट्टीजवळ ने रे फोन." मी न्यायचो. तो बराच वेळ ऐकायचा, मग म्हणायचा, "हवा कमी पडतेय," किंवा "आज बरी आहे." आवाजावरून त्याला सगळं कळायचं. भट्टी गेल्यानंतरच्या पहिल्या रविवारी मी ठरवून बसलो होतो की सांगायचं. त्याने फोन घेतला आणि त्याला ढास लागली. केवढी लागली ते तूही तिथे ऐकलंस. ती थांबल्यावर तो म्हणाला, "ने रे जरा भट्टीजवळ."

काकूचा फोन टेबलावर पडला होता. मी त्यावर साइट उघडली, बाईंचा व्हिडिओ लावला आणि माझा फोन त्याला चिकटवून धरला. व्हिडिओत मी काठ वळवताना दिसतो, मागे भट्टी भरात चाललेली आहे. दादाचं फक्त कोपर दिसतं. पण बघायचं कोणाला होतं? दादा ऐकत राहिला. मग म्हणाला, "आच जरा जास्त वाटते. कमी कर." मी म्हटलं, "हो, करतो." काकू समोरच होती. फोन ठेवल्यावर ती म्हणाली, "हे तुम्हाला निस्तरता येणार नाही." आणि स्वयंपाकघरात गेली.

तेव्हापासून दर रविवारी हेच. म्हणजे भट्टी गेली, धंदा गेला, आणि तिच्या आवाजाचं भाडं मी त्या कंपनीला भरतोय. दोन मिनिटं ऐकवायची म्हणून सगळी मशिनं चालू. ती बंद केली तर व्हिडिओही जाईल, या भीतीने मी कशालाच हात लावला नाही. तू लिहिलंयस की मोठी मशिनं कधीच बंद करता आली असती, तेवढ्याने व्हिडिओला धक्काही लागला नसता, आणि तो फोनमध्ये उतरवायला एक मिनिट लागतं. मला कोण सांगणार? आणि मी कोणाला विचारलं असतं, काय कारण सांगून?

तू लिहिलंस त्याप्रमाणे केलं. व्हिडिओ आता माझ्या फोनमध्ये आहे. काकूच्या फोनमध्येही घालून ठेवला. महिनाअखेरीला खातं बंद करतोय. ऑर्डरी पाठवणाऱ्यांना मी आधीपासूनच एकेकाला पत्र घालतोय की आता काम घेत नाही. काही जण वाईट वाटलं म्हणून उलट लिहितात. एका आजोबांनी त्यांच्या दिव्याचा फोटो पाठवला, नवी काच नको, नुसता बघा म्हणून.

पत्राच्या शेवटी तू लिहिलंयस की हे सगळं तुझ्यामुळे झालं. पुन्हा असं लिहू नकोस. तू वेळेला धावून आलीस आणि बंद कधी करायचं तेही सांगितलंस. आम्ही दोघं भाऊ तुझ्या मशिनांना भट्टी समजून बसलो, याला तू काय करणार? तुझ्या जागी माझी मुलगी असती तर तिनेही हेच केलं असतं. तू माझी मुलगीच आहेस, हे लिहायची आपल्याकडे पद्धत नाही म्हणून आजवर लिहिलं नव्हतं.

पण एक मागतो. दादाला सांगू नकोस. डॉक्टर काय म्हणतात ते तू या वेळी खरं लिहिलंस, ते वाचलं. तेवढे महिने त्याची भट्टी चालू राहू दे. तो जाईल तो आपली भट्टी पेटती आहे या समजात जाऊ दे. मला पाप लागेल तर लागू दे. काकू म्हणते, हे तुम्ही दादांसाठी करत नाही, स्वतःसाठी करता. असेलही. तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही.

तुझा,
खोटारडा काका


दि. २८ डिसेंबर

धाकट्या,

अक्षर वेडंवाकडं आहे, सांभाळून घे. चिमणी ऑफिसात गेली की मी दोन-दोन ओळी लिहितो. तिला ठाऊक नाही. सकाळी नर्स येते, तिच्याकडे टाकायला देईन.

चिमणीने मला काही सांगितलेलं नाही. तिला रागावू नकोस. ती परवा ऑफिसातून आली ती डोळे सुजवून आली आणि मला न विचारता माझी उशी सारखी करत बसली. विचारायची गरज नव्हती.

भट्टी नाही, हे मला त्याच रविवारी कळलं. मी आच कमी कर म्हणालो तेव्हा आच जास्त नव्हती, मी नुसती तुझी परीक्षा बघत होतो. तू हो म्हणालास आणि आवाज तसाच राहिला. पण त्याच्याही आधी कळलं होतं. त्या आवाजात मध्येच कोणीतरी खोकतं. तुला ते ऐकू आलं नसेल. इतकी वर्षं तुझ्या कानाशी तोच खोकला होता, तू तो ऐकायचं कधीच सोडून दिलंस. मला आला, कारण तो माझा आहे. बाई माझ्या शेजारी उभ्या होत्या, त्यांचा फोन माझ्या तोंडापाशी होता.

मला राग आला. खरं सांगतो, फार आला. भट्टी गेल्याचा आला आणि तू मला लहान पोरासारखं फसवतोस याचाही आला. दोन रविवार मी तुझ्याशी धड बोललो नाही, तुला वाटलं माझी तब्येत बरी नाही. मग राग ओसरला आणि तुझी दया आली. मूस नक्की तडकली असणार. तू ती उपसली नसणार, मला तुझा स्वभाव ठाऊक आहे. ते टक्‌टक्‌ तुला एकट्याला ऐकावं लागलं, याचं मला फार वाईट वाटतं. मी आपल्या बाबांबरोबर एकदा ऐकलंय, विटा बदलायच्या वेळी जुनी मूस टाकून द्यायची होती तेव्हा. आम्ही दोघं होतो तरी बाबांनी दोन दिवस अन्न घेतलं नाही.

आणि ती मशिनं. चिमणीने बंद करा म्हटलं होतं, मी नको म्हटलं. हे तू विसरला नसशील, पण मला तोंडावर कधी म्हणालाही नाहीस. माझ्या एका वाक्यावर तू वर्षभर पैसे भरत राहिला असणार. मी चुकलो. बाबांचा नियम भट्टीचा होता, मी तो भलत्या जागी लावला.

आता तू विचारशील, कळलं होतं तर दर रविवारी 'भट्टीजवळ ने' का म्हणत होतो? पहिल्यांदा तू कबूल करशील म्हणून म्हणत होतो. नंतर कारण बदललं. त्या आवाजात खोकला झाल्यावर मी एक श्वास घेतो. नीट कान देऊन ऐक, ऐकू येतो. लांबलचक श्वास. मग नळी तोंडाला लावतो आणि फुंकतो, एका दमात, काच पुरी फुगेपर्यंत. आता मला जिना चढायचा म्हणजे तीनदा बसावं लागतं. पाण्याचा पेला तोंडाला लावला तरी दम लागतो. तो श्वास मी दर रविवारी ऐकतो. तो माझाच आहे आणि तो पुरा आहे. भट्टीचं म्हणशील तर मी तिच्याकडे लक्षही देत नाही.

तेव्हा येत्या रविवारी तो लाव. फक्त भट्टीजवळ जातो असं सांगून फोन घेऊन उठू नकोस, बैस तिथेच. नुसतं विचार, "दादा, ऐकायचंय का?" मी हो म्हणेन. चिमणीच्या काकूलाही बसव जवळ, तिला किती दिवस तुझं खोटं पाठीशी घालावं लागलं.

मी असेपर्यंत दर रविवारी लावत जा. मी गेल्यावर मात्र बंद कर. तेव्हा घरात थोरला तूच असशील. कोणाला विचारायला थांबायचं नाही. तूच बंद करायचं.

तुझा,
दादा